पाहुणे ते यजमान : डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर

पुण्यात राहिलेल्या माणसाला भांडारकर म्हटलं की आधी डेक्कनजवळचा रस्ता आठवतो आणि मग लॉ कॉलेज रोडवरची संस्था. माझ्या वयाच्या मंडळींनी त्या संस्थेचं नाव ठळकपणे ऐकलं ते जानेवारी २००४ मध्ये, तिथे तोडफोड झाली तेव्हा. आम्ही शाळेत होतो. टीव्हीवर बातम्या चालू होत्या, घरातली मोठी माणसं हळहळत होती. पण ज्यांच्या नावाची ती संस्था, ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर नेमके कोण, हे मला तरी कोणी सांगितलं नव्हतं. पुढे कॉम्प्युटर इंजिनियरिंगला गेल्यावर तर इतिहासाशी असलेला उरलासुरला संबंधही संपला.

तो पुन्हा जुळला तो इथे अमिरातीत, आणि तोही पोटापाण्याच्या कामातून. कलेच्या इतिहासाच्या अभ्यासकांची एक वार्षिक परिषद भरणार होती आणि तिचं नोंदणीचं व निबंधांचं सगळं ऑनलाइन काम आमच्याकडे आलं. आता इथे हा विषय काही नवलाचा राहिलेला नाही. शारजात २००८ पासून मार्च मीटिंग भरते, अबू धाबीत २०१७ मध्ये लूव्र उघडलं. आमची परिषद त्या मानाने छोटी. तरी निबंधांचे सारांश मागवायचे, लेखकाचं नाव झाकून ते परीक्षकांकडे पाठवायचे, मग सत्रं लावायची, वीस मिनिटांचा निबंध आणि दहा मिनिटांची प्रश्नोत्तरं बसवायची, हे सगळं करताना सहा महिने गेले. सुरुवातीला मला वाटायचं, एवढा खटाटोप कशाला? सगळ्यांनी आपापली पीडीएफ अपलोड करावी आणि घरी बसून वाचावी!

माझा हा समज गेला तो परिषदेच्या दुसऱ्या दिवशी. भारतातून येणाऱ्या एका प्राध्यापिकेचा व्हिसा वेळेत आला नाही, तेव्हा त्यांचा निबंध दुसऱ्याच कोणीतरी वाचून दाखवला. वाचन उत्तम झालं. मग श्रोत्यांतून एक खोचक प्रश्न आला, आणि वाचणाऱ्याने नुसते खांदे उडवले. त्या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडे होतं त्या तीन हजार किलोमीटरवर. मला फार चुटपुट लागली. चहाच्या वेळी एक वयस्कर मराठी अभ्यासक मला म्हणाले की हा रोग जुना आहे, डॉक्टर भांडारकरांचा लंडनला गेलेला पहिला निबंधही असा एकटाच गेला होता. त्या एका वाक्यामुळे मी भांडारकरांच्या मागे लागलो.

मंडळी, आपल्यात कोकणातले बरेच जण आहेत, म्हणून आधी सांगतो की हा माणूस मालवणचा. जन्म ६ जुलै १८३७. वडील महसूल खात्यात कारकून. बदलीमुळे कुटुंब रत्नागिरीला आलं आणि तिथे मुलाला इंग्रजी शाळा मिळाली. १८५३ मध्ये रामकृष्ण मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये गेले. त्या काळात तिथे दादाभाई नौरोजी गणित शिकवत. भांडारकरांचा ओढाही आधी गणित आणि विज्ञान यांकडेच होता. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं, आणि त्याच्या अगदी पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे यांच्याबरोबर भांडारकरही होते. १८६२ ला बी.ए., पुढच्या वर्षी एम.ए.

मग नोकरी. आधी सिंधमधल्या हैदराबादला हेडमास्तर, मग रत्नागिरीला. या काळात त्यांनी शाळकरी मुलांसाठी संस्कृतची जी दोन पुस्तकं लिहिली, त्यांच्यावर पुढच्या कित्येक पिढ्या संस्कृत शिकल्या. तुमच्या आजोबांना मार्गोपदेशिका हे नाव विचारून पाहा. शाळेतली पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्याला विद्वानांत फारसा मान मिळत नाही, पण मला स्वतःला ही त्यांची फार मोठी कामगिरी वाटते.

जुन्या लेखांकडे ते वळले ते योगायोगाने. ओळखीच्या एका पारशी डॉक्टरांनी त्यांना एक ताम्रपट वाचायला दिला. लिपी येत नव्हती, म्हणून त्यांनी ती शिकून घेतली. आमच्या धंद्यात एखादी जुनी सिस्टिम गळ्यात पडते, तिचं मॅन्युअल नसतं, लिहिणारा केव्हाच सोडून गेलेला असतो, आणि मग कोड वाचत वाचत आपणच तिचे जाणकार होऊन बसतो, तसाच काहीसा प्रकार. त्यातून भांडारकर शिलालेखांच्या नादी लागले ते कायमचे.

इथे थोडं नाशिकबद्दल सांगायला हवं. पांडवलेणी आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात, म्हणजे पायऱ्या चढून, फोटो काढून खाली आलेलो असतो. ही लेणी पांडवांची नाहीत, बौद्ध भिक्षूंची आहेत, आणि हे आपल्याला भिंतीवरचे ब्राह्मी लेख सांगतात. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचे गुण तिने त्यात वर्णन केले आहेत. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यातला एक तर चक्क मुदत ठेवीचा कागद आहे! उषवदाताने लेणं दान दिलं आणि खर्चासाठी तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. आणि वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. मी हिशेब करून पाहिला. दोन हजारांवर वर्षाचं व्याज होतं दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा म्हणजेही दोनशे चाळीस. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचं बजेट पै न् पै जुळतं.

लेण्याचा काळ ठरवायचा तर खांबांची घडण, चैत्याची कमान हे सगळं बघावं लागतंच, पण दान कोणी दिलं आणि कोणत्या राजाच्या कितव्या वर्षी दिलं हे कळलं की त्या घडणीला तारखेचा आधार मिळतो. भांडारकरांनी नाशिकच्या या लेखांवर काम केलं. आधीच्या काही इंग्रजांनी नकला घेतल्या होत्या, अर्थही लावले होते. भांडारकरांनी प्राकृत भाषेच्या व्याकरणाचा आधार घेऊन ते नव्याने लावले.

१८७४ मध्ये लंडनला प्राच्यविद्या अभ्यासकांची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पहिली आदल्या वर्षी पॅरिसला झाली होती. भांडारकरांना आमंत्रण होतं, पण जाणं जमलं नाही. नाशिकच्या लेखांवरचा निबंध मात्र गेला आणि तो परिषदेच्या छापील वृत्तान्तात आहे. म्हणजे आपल्या नाशिकच्या डोंगरावरच्या अक्षरांबद्दल लंडनच्या सभागृहात चर्चा, आणि ती अक्षरं लावणारा माणूस मुंबईत!

हे नुसतं गैरसोयीचं होतं असं नाही. भारतीय माणूस पुरावा तपासू शकतो की नाही, हाच तेव्हा वादाचा विषय होता. लेण्यांवर आणि मंदिरांवर मोठं काम केलेल्या जेम्स फर्ग्युसन यांनी १८८४ मध्ये बंगालचे राजेंद्रलाल मित्र यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्यात मित्रांच्या पात्रतेवरच बोट ठेवलं. खुद्द भांडारकरांनाही याची झळ लागली होती. एल्फिन्स्टनमध्ये त्यांनी संस्कृतचे हंगामी प्राध्यापक म्हणून काम केलं, पण कायमची जागा भरायची वेळ आली तेव्हा विलायतेहून पीटर पीटरसन आले आणि भांडारकर त्यांच्या हाताखाली राहिले. गंमत अशी की त्यांनी त्यावर आकांडतांडव केलं नाही, निमूटपणे काम करत राहिले. त्याच १८८४ मध्ये त्यांचा दख्खनचा प्राचीन इतिहास प्रसिद्ध झाला. सातवाहनांपासून यादवांपर्यंतचा महाराष्ट्र त्यात शिलालेख, ताम्रपट आणि नाणी यांच्या आधारे उभा आहे.

दरम्यान १८८२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांना कायमची जागा मिळाली. सरकारसाठी हस्तलिखितं शोधत ते गुजरात, राजपुताना, मध्य हिंदुस्थान असे फिरले. जैन भांडारांच्या दारात तिष्ठत बसून याद्या केल्या. १८८५ मध्ये जर्मनीतल्या गटिंगन विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली. आणि १८८६ मध्ये, लंडनच्या त्या हुकलेल्या परिषदेनंतर बारा वर्षांनी, ते व्हिएन्नाच्या सातव्या परिषदेला स्वतः गेले. वय एकोणपन्नास. समुद्र ओलांडला की प्रायश्चित्ताचा प्रश्न निघणारा तो काळ, पण प्रार्थना समाजाचा हा माणूस असल्या गोष्टींना जुमानणारा नव्हता. व्हिएन्नात जुने स्नेही बूलर होतेच. ते मुंबईला बरीच वर्षं काढून तिथे प्राध्यापक झाले होते. भांडारकरांनी रामानुज आणि पांचरात्र मतांवर निबंध वाचला. परत आल्यावर मुंबईत त्यांनी या प्रवासाचा वृत्तान्तही सांगितला.

त्यांचं घरगुती धैर्यही सांगायला हवं. १८९१ मध्ये त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह केला आणि जातभाईंचा रोष ओढवून घेतला. दुसऱ्याच्या घरातल्या सुधारणेवर व्याख्यान देणं सोपं असतं. इंग्रज सरकारशी मात्र ते फार जुळवून घेत, हा त्यांच्यावरचा आक्षेप मला पूर्ण खोडून काढता येत नाही. कुलगुरुपद, कौन्सिलातली जागा, १९११ मध्ये सर ही पदवी, हे सगळं त्यांनी घेतलं. पण याच माणसाने पुराव्याच्या बाबतीत ना साहेबाची भीड ठेवली, ना आपल्या लोकांच्या अभिमानाची. एखादा राजा आपल्याला हवा तितका जुना निघत नसेल, तर तो तितका जुना नाही असं ते सांगून मोकळे होत. असो.

निवृत्तीनंतर ते पुण्यात संगमाजवळ संगमाश्रम या घरी राहिले. ६ जुलै १९१७ ला, त्यांच्या ऐंशी वर्षं पूर्ण झालेल्या वाढदिवशी, शिष्यांनी आणि चाहत्यांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन केलं. त्यांनी आपला ग्रंथसंग्रह संस्थेला देऊन टाकला. १९१८ मध्ये सरकारने डेक्कन कॉलेजातला हस्तलिखितांचा मोठा संग्रह संस्थेकडे सोपवला. १ एप्रिल १९१९ ला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ भांडारकरांच्याच हस्ते झाला. ते काम पुरं व्हायला १९६६ साल उजाडलं.

आणि याच दोन वर्षांच्या पोरसवदा संस्थेने नोव्हेंबर १९१९ मध्ये पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद बोलावली. ५, ६ आणि ७ नोव्हेंबर, पुणे. अध्यक्ष ब्याऐंशी वर्षांचे भांडारकर.

परिषद भरवणं म्हणजे काय हे आता मला थोडंफार कळतं, म्हणून मी या तारखांकडे वेगळ्या नजरेने बघतो. महायुद्ध संपून जेमतेम वर्ष झालेलं. आदल्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाने मुंबई इलाख्यात घरंच्या घरं बसवलेली. सगळा व्यवहार पत्रांनी आणि तारांनी, प्रवास आगगाडीने. कलकत्त्याहून, मद्रासहून येणाऱ्या मंडळींची राहण्याजेवण्याची सोय, आणि तीही सोवळंओवळं कडक असण्याच्या काळात! माझ्याकडे स्मरणपत्रं आपोआप पाठवणारा सर्व्हर होता, तरी माझी झोप उडाली होती. सरकारने १९११ मध्ये सिमल्याला प्राच्यविद्यातज्ज्ञांची एक बैठक घेतली होती, पण ती सरकारच्या आमंत्रणावरून. पुण्यात अभ्यासकांनीच अभ्यासकांना बोलावलं. आता आपल्या देशातल्या लेखावर, मूर्तीवर, पोथीवर निबंध वाचायला बोट पकडायची गरज उरली नाही, आणि प्रश्न आला तर उत्तर द्यायला निबंधाचा लेखक समोर उभा राहू लागला.

या परिषदेत पुढे वेद, व्याकरण यांच्या जोडीला पुरातत्त्व, इराणी भाषा, अरबी-फारसी, तंत्रशास्त्रं आणि ललितकला असे विभाग झाले. इथे राहणाऱ्या आपल्याला यातल्या अरबीचं विशेष कौतुक वाटावं. भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त हेही पुरातत्त्वातले मोठे नाव. बेसनगरचं उत्खनन त्यांचं, आणि १९३८ मध्ये अलाहाबादच्या इतिहास परिषदेचे अध्यक्षही ते होते.

प्राच्यविद्या परिषदेचं दुसरं अधिवेशन १९२२ मध्ये कलकत्त्याला झालं. त्याचे अध्यक्ष होते पॅरिसचे सिल्व्हाँ लेव्ही. आता युरोपातला पंडित पाहुणा म्हणून इकडे आला होता. तिसरं अधिवेशन १९२४ ला मद्रासला झालं. २४ ऑगस्ट १९२५ ला, ऋषिपंचमीच्या दिवशी, भांडारकर गेले. चौथं अधिवेशन ठरल्याप्रमाणे १९२६ मध्ये अलाहाबादला भरलं, आणि अध्यक्षस्थानी जीवनजी जमशेटजी मोदी होते.