छातीतला आवाज ओळखणारे डॉ. लेनेक

न्यूमोनियाच्या रुग्णाच्या फुफ्फुसात नेमके काय झाले आहे, हे दोनशे वर्षांपूर्वी डॉक्टरांना बहुतेक वेळा शवविच्छेदनानंतरच दिसत असे. ताप, खोकला, बरगडीतली कळ एवढ्यावर अंदाज बांधायचा आणि शीर कापून रक्त काढायचे, अशी उपचाराची रीत होती. रुग्ण जिवंत असतानाच फुफ्फुसाचा आजार ओळखण्याची वाट दाखवली ती रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरांनी.

त्यांचा जन्म १७८१ मध्ये ब्रिटनी प्रांतातला. पाच वर्षांचे असताना आई गेली. नॉन्त शहरात डॉक्टर असलेल्या काकांनी त्यांना वाढवले आणि वैद्यकाची गोडी लावली. १८०१ मध्ये ते पॅरिसला आले आणि कोर्विसार यांच्या हाताखाली शिकले. छातीवर बोटांनी ठोकून आवाजावरून निदान करण्याची पद्धत कोर्विसार यांनी तिथे रुजवली होती.

१८१६ मध्ये लेनेक यांची नेकर रुग्णालयात नेमणूक झाली. त्याच वर्षी हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी तपासणीला आली. ती स्थूल असल्याने ठोकून काही समजेना आणि तिच्या छातीला कान लावणे संकोचाचे होते. लेनेक यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक छातीवर टेकवले, दुसरे कानाला लावले. हृदयाचे ठोके कधी नव्हे इतके स्पष्ट ऐकू आले. पुढे त्यांनी लाकडाची पोकळ नळी बनवली. तोच पहिला स्टेथोस्कोप.

खरे काम त्यानंतर सुरू झाले. नुसती नळी असून भागत नव्हते, कोणत्या आवाजाचा अर्थ काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. लेनेक रोज रुग्णांच्या छाती ऐकत, नोंदी ठेवत आणि रुग्ण दगावला तर शवविच्छेदनात त्या नोंदी ताडून पाहत. न्यूमोनियाच्या सुरुवातीला, तव्यावर मीठ तडतडावे तसा बारीक आवाज येतो. फुफ्फुस यकृतासारखे घट्ट झाले की तो थांबतो आणि श्वास नळीतून फुंकल्यासारखा ऐकू येतो. रुग्ण बरा होऊ लागला की तडतड परत येते. हे सारे त्यांनी १८१९ च्या ग्रंथात मांडले.

निदान पुढे गेले, उपचार मात्र मागेच राहिले. लेनेक यांच्या हाती रक्त काढणे आणि अँटिमनीयुक्त औषधाचे मोठे डोस, एवढेच होते. जंतूंची कल्पनाच तेव्हा नव्हती. न्यूमोनियाचा प्रमुख जिवाणू १८८१ मध्ये सापडला आणि पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोहोचायला १९४० चे दशक उजाडले.

क्षयरोगाच्या असंख्य रुग्णांना तपासणाऱ्या लेनेक यांना क्षयानेच गाठले. अखेरच्या दिवसांत डॉक्टर असलेल्या पुतण्याने त्यांची छाती तपासली. जे आवाज त्यांनी जगाला ओळखायला शिकवले, तेच आता त्यांच्या छातीत होते. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, ४५ व्या वर्षी, ब्रिटनीत त्यांचे निधन झाले. स्टेथोस्कोप त्यांनी पुतण्याला ठेवला.

आज एक्स-रे आहे, प्रतिजैविके आहेत, लसही आहे. तरीही उशीर झाला तर न्यूमोनिया जीव घेतो, विशेषतः लहान मुलांचा आणि वृद्धांचा. खोकला झालेले मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांहून लहान बाळात ६०, वर्षाच्या आतल्या बाळात ५०, एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा त्याहून जास्त श्वास असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर पडले असतील किंवा मूल दूध पीत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे. लेनेक यांच्याकडे निदान होते, औषध नव्हते. आपल्याकडे दोन्ही आहेत, फक्त वेळेवर पोहोचायला हवे.