मटारच्या वाफ्यातील धर्मगुरू : ग्रेगोर मेंडेल



जुलै १८२२ मध्ये, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी योहान मेंडेल यांचा जन्म झाला. घरची गरिबी. धाकट्या बहिणीने हुंड्यातला वाटा दिला म्हणून शिक्षण पुढे गेले. १८४३ साली ते ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठात दाखल झाले व ग्रेगोर झाले. १८४७ साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

पण आजाऱ्यांच्या भेटीला गेले की ते स्वतःच आजारी पडत. मठाधिपती नाप यांनी त्यांची अडचण ओळखून त्यांना शाळेत शिकवायला पाठवले. शिक्षकाच्या परीक्षेतही दोनदा अपयश आले.

१८५६ साली त्यांनी मठाच्या बागेत मटारचा संकर सुरू केला. आठ वर्षांत सुमारे २८ हजार रोपे तपासली. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकरातून आधी सगळे दाणे गोलच आले. पुढच्या पिढीत मात्र ५४७४ गोल व १८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. हरवलेला गुण नाहीसा झाला नव्हता, फक्त झाकला गेला होता. १८६५ साली त्यांनी हे सभेत वाचले, पुढच्या वर्षी ते छापूनही आले. फारसे कोणी लक्ष दिले नाही.

नंतर त्यांनी हॉकवीड या रानफुलावर प्रयोग केले. तिथे हा नियम जुळेना. संकरित रोपांची संतती त्यांच्यासारखीच निघे. १८६९ साली त्यांनी हे निकालही न लपवता मांडले. या झाडात बरेचदा परागाशिवायच बी धरते, हे पुढे कळले.

१८६८ पासून ते मठाधिपती होते. मठावरील सरकारी करासाठी ते अखेरपर्यंत झगडले. ६ जानेवारी १८८४ रोजी, प्रभुप्रकटीकरणाच्या सणादिवशी, ते देवाघरी गेले. १९०० साली तीन शास्त्रज्ञांना त्यांचे काम पुन्हा गवसले.

आज आपण त्यांच्याही पुढचे जाणतो. पावाचा गहू हा निसर्गातच घडलेला संकर आहे. आठ-दहा हजार वर्षांपूर्वी २८ गुणसूत्रांचा गहू आणि १४ गुणसूत्रांचे रानगवत यांचे मीलन झाले व ४२ गुणसूत्रांचे नवे पीक उभे राहिले. अशा मीलनात काही जनुके गळतात. काहींची अक्षरे तीच राहतात, पण त्यांच्यावरची रासायनिक खूण बदलते आणि ती गप्प होतात. दोन घरांची माणसे एका छपराखाली नांदताना कोणी बोलावे, कोणी थांबावे हे ठरावे लागते, तसेच हे.

त्याच गव्हाची ओस्ती आपण वेदीवर ठेवतो. मेंडेल यांच्या जिवंतपणी त्यांच्या श्रमाचे चीज झाले नाही, तरी त्यांनी मोजणे सोडले नाही आणि न जुळणारे सत्यही झाकले नाही. आपल्या घरात, धर्मग्रामात कोणी एका कामात कमी पडला, तर त्याला टाकून देण्याआधी नाप यांच्यासारखी त्याची खरी जागा शोधू या.

आपला,
धर्मगुरू