अध्यक्षपदाचा वाद, सुरतेची यादवी आणि माधवराव सप्रे

हिंदी गद्याच्या घडणीत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते माधवराव सप्रे घराण्याने मराठी होते. दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे १८७१ साली त्यांचा जन्म झाला. शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. ते तीनच वर्षे चालले, परंतु हिंदीतील ग्रंथपरीक्षणाला त्याने शिस्त लावली.

१९०७ च्या एप्रिलमध्ये त्यांचा ‘हिंदी केसरी’ नागपुरात निघाला. राष्ट्रीय सभेचे त्या वर्षीचे अधिवेशनही तेथेच भरावयाचे होते आणि अध्यक्ष कोण, यावरून जहाल-मवाळांत तेढ माजली होती. निवडीस स्वागत समितीत तीन-चतुर्थांश मते लागत. तेवढे बळ मवाळांपाशी नव्हते आणि जहालांचा टिळकांसाठी आग्रह होता. नोव्हेंबरात फिरोजशहा मेहतांच्या मुंबईतील निवासस्थानी बैठक होऊन अधिवेशन सुरतेस हलविण्यात आले. यातील खोच अशी की, सुरत मुंबई इलाख्यात असल्याने, यजमान प्रांताचा अध्यक्ष नसावा या संकेतानुसार टिळकांचे नाव आपोआप बाद होत होते! जहालांनी लाला लजपतरायांचे नाव पुढे केले; ते त्यांनी स्वीकारले नाही. अमेरिकेत १८६० साली लिंकन निवडून आले आणि त्यांनी अधिकारग्रहण करण्यापूर्वीच सात राज्ये फुटली. सुरतेस २७ डिसेंबर रोजी रासबिहारी घोषांचे अध्यक्षीय भाषणही पुरे झाले नाही. मंडपात जोडा भिरकावला गेला आणि सभा उधळली.

एकाकी पडलेल्या जहालांवर सरकारचा घाव लौकरच पडला. जुलै १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाली, ऑगस्टमध्ये सप्रे राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले. थोरल्या बंधूंच्या दडपणाखाली त्यांनी क्षमापत्र लिहून दिले व ते सुटले. हा प्रसंग गौरवपर लेखनात झाकून टाकण्याजोगा नाही, कारण त्यांचे पुढील वाङ्मयीन कार्य त्यातूनच उगवले. वर्ध्याजवळ हनुमानगढीला त्यांनी रामदासी वृत्तीने, मधुकरी मागून काळ काढला आणि ‘दासबोध’ हिंदीत आणला. पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ही त्यांनीच हिंदीत उतरविले, तेव्हा ते क्षमापत्र टिळकांनी मनात धरले नव्हते, असे मानण्यास हरकत नाही. चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरील ग्रंथही त्यांच्याच लेखणीने हिंदीत गेला.

१९२४ साली देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सप्र्यांकडे आले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले.