लांडग्याचे नाव

ल्यूपस हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ लांडगा. या नावाचा रोग तळासरीच्या माझ्या मावशीला जडला, तेव्हा घरच्यांनी तिला तो संधिवात असल्याचे सांगितले. खरे नाव ऐकून ती खचेल, ही भीती. मीही गप्प राहिलो. त्याच सुमारास अमेरिकन लेखिका फ्लॅनरी ओकॉनर हिचे चरित्र वाचनात आले.

फ्लॅनरीचा जन्म २५ मार्च १९२५ रोजी जॉर्जियातील सव्हाना शहरी झाला. ती पंधरा वर्षांची असताना, १९४१ मध्ये, वडील ल्यूपसने वारले. या रोगात शरीराची संरक्षक शक्तीच आपल्या सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडांवर उलटते. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रुग्णांत स्त्रियाच फार. १९५० च्या अखेरीस फ्लॅनरीही त्याने आजारी पडली. आई रेजिना हिने तिलाही संधिवातच सांगितला. १९५२ मध्ये एका मैत्रिणीने सत्य सांगितले. त्यानंतर ती बारा वर्षे जगली. मिलेजव्हिलजवळच्या शेतावर आईसोबत राहून रोज सकाळी दोन-तीन तास लिहायचे आणि मोर पाळायचे, असा तिचा क्रम होता. १९५५ पासून कुबड्या आल्या, पण लेखणी थांबली नाही. दोन कादंबऱ्या आणि एक कथासंग्रह तिच्या हयातीतच प्रसिद्ध झाले. ३ ऑगस्ट १९६४ रोजी, ३९ व्या वर्षी ती गेली. १९७२ मध्ये तिच्या समग्र कथांना अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार लाभला.

इकडे मावशी, दुखणे सांध्यांचेच समजून, ऑक्टोबरच्या उन्हात भात कापायला गेली. ल्यूपसला ऊन वैरी. गालांवर लाल चट्टे उठले, ताप चढला, पाय सुजले. आम्ही झाकलेल्या नावाची किंमत तिने मोजली.

डहाणू रोडहून मुंबईला तपासणीसाठी जाताना गाडीतच मी तिला सारे सांगितले. हिवतापावरचे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध या रोगातही देतात, उपचार नियमित ठेवले तर बहुतेक रुग्ण आज दीर्घकाळ जगतात, हेही सांगितले. पालघर येईपर्यंत ती बोलली नाही. मग, इतके दिवस का लपवलेस, असे तिने विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. थोड्या वेळाने तिने दुसरा प्रश्न केला : उन्हे चढण्याआधी किती वाजेपर्यंत शेतावर गेलेले चालेल?