दहा टक्क्यांच्या नियमामागचा माणूस : रेमंड लिंडेमन



अन्नसाखळी शिकवताना आपण फळ्यावर एक पिरॅमिड काढतो. तळाशी उत्पादक, वर प्राथमिक भक्षक, त्यावर द्वितीय भक्षक आणि टोकाला सर्वोच्च भक्षक. शेजारी लिहितो, एका पातळीवरची फक्त दहा टक्के ऊर्जा वरच्या पातळीत जाते. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात. मग एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, सर, नेमकं दहाच का? कोणी मोजलं? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एका तरुणाचं छोटंसं आयुष्य आहे.

रेमंड लिंडेमन यांचा जन्म २४ जुलै १९१५ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. पुढे मिनेसोटा विद्यापीठात पीएच.डी.साठी त्यांनी सीडार बॉग नावाचं तळं निवडलं. तळं कसलं, उथळ पाणी, तळाशी गाळ आणि कडेने दलदल! हळूहळू भरत चाललेलं हे पाणी त्यांनी सुमारे पाच वर्षं अभ्यासलं. पत्नी एलिनॉर नमुने गोळा करायला सोबत असत.

त्या काळी बहुतेक अभ्यासक तळ्यातल्या जीवांची नावं लिहीत आणि संख्या मोजत. कोण कोणाला खातं हेही माहीत होतं. इंग्लंडच्या चार्ल्स एल्टन यांनी १९२७ मध्येच अन्नसाखळी आणि संख्येचा पिरॅमिड मांडला होता. लिंडेमन यांनी प्रश्नच बदलला. कोण किती आहेत यापेक्षा, वर्षभरात कोणत्या पातळीतून किती ऊर्जा जाते? शेवाळ आणि पाणवनस्पती हे उत्पादक. त्यांना खाणारे सूक्ष्म प्राणी आणि अळ्या हे प्राथमिक भक्षक. या भक्षकांची शिकार करणारे ते द्वितीय भक्षक. आणि तळाचा गाळ? मेलेलं सगळं तिथे जातं, जिवाणू ते कुजवतात आणि त्यावर पुन्हा कितीतरी जीव जगतात. म्हणून त्यांनी आपल्या आकृतीत हा गाळ अगदी मध्यभागी ठेवला.

आता त्यांचे आकडे पाहू. तळ्याच्या दर चौरस सेंटीमीटरवर वर्षाला सुमारे १ लाख १९ हजार कॅलरी इतका सूर्यप्रकाश पडत होता. त्यातून उत्पादकांनी बांधली सुमारे १११ कॅलरी, म्हणजे हजारातला एक भाग. प्राथमिक भक्षकांकडे पोचली सुमारे १५ आणि द्वितीय भक्षकांकडे फक्त ३. बाकीची कुठे गेली? काही श्वसनात आणि हालचालीत खर्च झाली, काही न खाल्लेली, न पचलेली गाळात गेली. टोकाचे शिकारी थोडेच का असतात, हे इथे लख्ख दिसतं. त्यांच्या वाट्याला मुळात उरतंच थोडं.

पण नीट बघा, इथे दहा टक्के कुठेच नाही! पहिल्या टप्प्यात साधारण १३ टक्के, दुसऱ्यात २० टक्क्यांच्या थोडं वर. दहा हा आकडा म्हणजे समजायला सोपा असा ढोबळ अंदाज. जागेप्रमाणे आणि जीवाप्रमाणे तो बदलतो. शिवाय अन्नजाळ्यात एकच प्राणी दोन-तीन पातळ्यांवर जेवतो, त्यामुळे पातळ्यांच्या रेघाही कच्च्याच.

१९४१ मध्ये लिंडेमन येल विद्यापीठात जी. एव्हलिन हचिन्सन यांच्याकडे गेले. तिथे त्यांनी हे काम निबंधरूपात पक्कं केलं आणि इकॉलॉजी या नियतकालिकाकडे पाठवलं. तपासणाऱ्या दोघा नामवंत तळे-अभ्यासकांनी तो नाकारला. सिद्धांत फार, माहिती थोडी. एका तळ्यावरून सगळ्यांचा नियम कसा काढायचा, असा त्यांचा आक्षेप होता. तो अगदीच खोटा नव्हता. पण हचिन्सन यांना त्या कामाचं मोल कळलं होतं. त्यांनी संपादकांकडे आग्रह धरला. लिंडेमन यांनी निबंध सुधारून दिला आणि संपादक थॉमस पार्क यांनी तो स्वीकारला.

या सगळ्या काळात लिंडेमन यकृताच्या आजाराशी झुंजत होते. २९ जून १९४२ रोजी त्यांचं निधन झालं. सत्ताविसावा वाढदिवस महिन्याभरावर होता. निबंध छापून आला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. तो त्यांनी छापलेला पाहिलाच नाही. आज परिसंस्थाशास्त्राचा पाया म्हणून तो वाचला जातो.

हचिन्सन पाठीशी उभे राहिले नसते, तर कदाचित हा विचार आपल्या फळ्यापर्यंत यायला बराच उशीर झाला असता. म्हणून पुढच्या वेळी पिरॅमिड काढताना १११, १५ आणि ३ हे आकडेही लिहा आणि टक्के मुलांनाच काढू द्या. उत्तर दहा आलं नाही की वर्गात गलका होईल. होऊ द्या, खरा पाठ तिथूनच सुरू होतो. आणि घरी मुलाने एखाद्या नियमाबद्दल कोणी मोजलं असं विचारलं, तर पालकांनो, त्याला गप्प बसवू नका. लिंडेमन यांचं कामही अशाच एका प्रश्नातून उभं राहिलं.