गाडीत गाणं वाजवलं त्याची गोष्ट : मोटोरोलावाले पॉल गॅल्विन

फोपनार : केळीचे पैसे हातात आले, की गाडीवाल्या पोरांचं पहिलं काम ठरलेलं. कंपनीचा टेप काढायचा, टचस्क्रीन बसवायची, डिक्कीत वूफर आणि सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर. फोपनार काय, शहापूर काय आणि हद्दीपलीकडचं रावेर काय, सगळीकडे हेच. पण गाडीत गाणं वाजवायची ही हौस ज्यांनी धंद्यात उतरवली, त्या माणसाचं नाव थोड्यांनाच ठाऊक आहे. त्यांच्या कंपनीचं नाव मात्र सगळ्यांना पाठ आहे : मोटोरोला.

पॉल गॅल्विन यांचा जन्म २९ जून १८९५ चा. गाव अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं हार्वर्ड. विद्यापीठाचं हार्वर्ड वेगळं, हे रेल्वे जंक्शनचं छोटं गाव. लहान पॉल स्टेशनवर थांबणाऱ्या गाड्यांमध्ये पॉपकॉर्न विकायचा. पुढे कॉलेजात गेले, पण शिक्षण अर्धवट सुटलं. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात अधिकारी म्हणून फ्रान्सला जाऊन आले.

परत आल्यावर एका मित्रासोबत बॅटऱ्यांचा कारखाना काढला. तो १९२३ मध्ये बंद पडला. दुसऱ्यांदा शिकागोत तोच धंदा मांडला, तोही बुडाला. तेव्हा रेडिओ बॅटरीवर चालायचे. तो रेडिओ घरच्या विजेवर चालवणारं ‘बॅटरी एलिमिनेटर’ नावाचं यंत्र ही कंपनी बनवायची. मालमत्तेचा लिलाव झाला, तेव्हा गॅल्विन यांनी या यंत्राचा धंदा ७५० डॉलरला परत घेतला. २५ सप्टेंबर १९२८ रोजी भाऊ जोसेफ यांच्यासोबत नवी कंपनी सुरू झाली. कामगार होते अवघे पाच.

नशीब इथंही आडवं आलं. थेट विजेवर चालणारे रेडिओ बाजारात आले आणि एलिमिनेटर कोण घेणार, असा प्रश्न उभा राहिला. १९२९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. तिसऱ्यांदा दुकान बंद करायची वेळ येते की काय, अशी अवस्था. तेव्हा त्यांनी ठरवलं, रेडिओ गाडीत बसवायचा.

कल्पना नवी नव्हती. श्रीमंत लोक बराच खर्च करून असे रेडिओ बसवून घेत. पण इंजिन चालू झालं, की आवाजापेक्षा खरखरच जास्त. प्लगमध्ये उडणारी प्रत्येक ठिणगी रेडिओला त्रास द्यायची. वर रेडिओसाठी वेगळ्या बॅटऱ्यांचा डबा गाडीच्या तळाशी ठेवावा लागायचा. बिल लिअर आणि एल्मर वेव्हरिंग या तरुणांनी यावर काम केलं. प्लगच्या आणि इतर विजेच्या जागी खरखर अडवणारे भाग बसवून त्यांनी एकेक आवाज दाबत आणला.

या काळातला एक किस्सा सांगितला जातो. कर्ज मिळावं म्हणून गॅल्विन यांनी एका बँकवाल्याच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला. थोड्याच वेळात गाडीने पेट घेतला. कर्ज काही मिळालं नाही.

तरी माणूस मागे हटला नाही. जून १९३० मध्ये अटलांटिक सिटीला रेडिओ कारखानदारांचं संमेलन होतं. गॅल्विन आपल्या स्टुडबेकरमध्ये रेडिओ बसवून शिकागोहून तिथवर गाडी चालवत गेले. स्टॉल घ्यायला पैसे नव्हते. मग गाडी बाहेरच उभी केली आणि आवाज मोठा केला. पत्नी लिलियन मदतीला होत्या. येणारे-जाणारे थांबून ऐकू लागले आणि ऑर्डरी मिळाल्या. मोटार आणि ‘ओला’ जोडून रेडिओचं नाव पडलं मोटोरोला. किंमत ११० ते १३० डॉलर, म्हणजे मंदीच्या दिवसांत चांगलीच जड. त्या वर्षी तोटाच झाला, पण पुढच्या वर्षापासून गाडी रुळावर आली.

पुढे पोलिसांच्या गाड्यांसाठी रेडिओ आले. दुसऱ्या महायुद्धात याच कंपनीचे वॉकीटॉकी सैनिकांच्या पाठीवर होते. १९४२ मध्ये लिलियन यांचा खून झाला, तो घाव सोसून गॅल्विन काम करत राहिले. १९४७ मध्ये कंपनीचंच नाव मोटोरोला झालं. ५ नोव्हेंबर १९५९ रोजी ते गेले. त्यानंतर १४ वर्षांनी, १९७३ मध्ये, याच कंपनीने हातात धरायच्या मोबाईलवरून पहिला कॉल करून दाखवला.

नव्वदहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्यांच्या अडचणी आजही आपल्या गाडीत तशाच आहेत : खरखर आणि आग. हेडलाइटचा ६० वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अ‍ॅम्पियर घेतो. खऱ्या ५०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात ४० च्या वर ओढतो. जुन्या टेपच्या बारीक वायरीवर तो जोडला, तर वायर तापून वितळणारच. म्हणून बॅटरीपासून वेगळी जाड वायर हवी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर फ्यूज उडेल, गाडी वाचेल. एक्सलेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर आधी अर्थिंग तपासा. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर ती घट्ट कसलेली हवी. गाण्याच्या सिग्नलची वायर पॉवरच्या वायरीला चिकटून न नेता गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या.

वूफर किती इंची, हे दुकानदार न विचारताच सांगतो. फ्यूज कुठं बसवला, हे मात्र बोनेट उघडायला लावून स्वतः बघून घ्या, भाऊ. पैसे त्यानंतर द्या.