शाहू मोडक : पडद्यावरील श्रीकृष्ण

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील ख्रिस्ती कुटुंबात २५ एप्रिल १९१८ रोजी शाहू मोडक यांचा जन्म झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी, १९३२ मध्ये, 'श्यामसुंदर' या बोलपटात ते बालकृष्ण झाले आणि पुढे कृष्णाच्या भूमिकेशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. 'प्रभात'च्या 'माणूस'मध्ये (१९३९) वेश्येवर प्रेम करणारा पोलिस शिपाई त्यांनी समर्थपणे उभा केला. १९४० मध्ये 'संत ज्ञानेश्वर' आला आणि मराठवाड्यातील आपेगावी जन्मलेल्या ज्ञानेश्वरांना पडद्यावर त्यांचा चेहरा लाभला. ख्रिस्ती नटाने साकारलेले हे देव आणि संत भाविकांनी मनोमन स्वीकारले. मात्र, या वलयात 'माणूस'मधील कसदार अभिनेता झाकोळला गेला. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले.